अकरा वाजता संपलेला परवाना

"कातळ? अगं, बत्तीस वर्षं टॉवरवर चढलोय मी!" श्रीखंडात पुरी बुडवत जयवंतराव मोहित्यांनी जाहीर केलं.

कोयलीच्या रिफायनरीतून ते सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते, पण नुसते कागदोपत्री. रावपुऱ्यातल्या घरात साधा बल्ब बदलायचा तरी ते आधी सगळ्यांना पाच फूट लांब उभं करत! त्यांची मुलगी शलाका डोंगर चढणाऱ्यांच्या क्लबात होती. मे महिन्यात क्लब हिमाचलला निघाला होता, एकच जागा उरली होती आणि जयवंतरावांना ती हवीच होती. आयुष्यभर लोकांना 'खाली उतरा' म्हणून ओरडलो, एकदा आपण बर्फापर्यंत चढायचं, एवढीच त्यांची हौस. क्लबाची अट साधी होती. आधी पावागडजवळचा सोपा कातळ चढून दाखवा!

रविवारी ऊन कोवळं होतं आणि कातळ कोरडा ठणठणीत. क्लबाचा गुजराती प्रशिक्षक हार्दिक दोर बांधत होता, तेवढ्यात जयवंतरावांनी पिशवीतून एक छापील फॉर्म काढला.

"आ शुं छे, काका?"

"उंचीवर काम करण्याचा परवाना. याच्याशिवाय माझा पाय जमिनीवरून सुटत नाही!"

शलाकाने कपाळावर हात मारला. दोर तपासला, खूण. हेल्मेट तपासलं, खूण. मुदत नऊ ते अकरा. परवाना देणारा वेगळा लागतो म्हणून थेपल्यांचा डबा सांभाळत बसलेल्या नयनाताईंची, म्हणजे बायकोची, सही झाली. नवऱ्याच्या कागदांवर न वाचता सही करायची त्यांना सवयच होती.

या तपासणीत साडेदहा वाजले. मग मात्र साहेब चढले, आणि काय चढले! खाली कॉलेजची पोरं टाळ्या वाजवू लागली. अर्ध्यावरच्या रुंद कपारीत पाय रोवून जयवंतरावांनी ऐटीत घड्याळ पाहिलं.

अकरा वाजून एक मिनिट!

"काम बंद!" ते गरजले. "मुदत संपली. परवाना वाढवल्याशिवाय मी वर जाणार नाही आणि खालीही येणार नाही!"

"काका, चढी जाओ ने! पंदर फूट बाकी छे!"

"बत्तीस वर्षांत मुदतीबाहेर कुणाला एक पायरी चढू दिली नाही!"

"बाबा, तिथूनच उतरलात तर हिमाचल विसरा!" शलाका रडकुंडीला आली. "आई, कर गं सही पटकन!"

नयनाताईंनी पेन घेतलं, आणि लग्नानंतर प्रथमच कागद वाचला.

"अहो, इथे लिहिलंय, जागेची प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय मुदत वाढवू नये. हा नियम कुणी केला?"

"मीच!" वरून अभिमानाने उत्तर आलं.

"मग पाहणी करायला हवी!"

त्यांनी ओढणी खोचली. हार्दिकने त्यांना शेजारचा दोर बांधला. पावागडला दरवेळी रोपवेनेच जाणारी ही बाई तरातरा कपारीपर्यंत पोचली. नवऱ्याच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला, घट्ट केला, त्याच्याच पाठीवर कागद ठेवून सही ठोकली. "एक वाजेपर्यंत. या मागून!" म्हणाल्या आणि वर निघाल्या.

मागून जयवंतरावही चढले. माथ्यावर पोचल्यावर वाऱ्याने त्यांचे डोळे भरून आले. असं ते म्हणाले. खरं तर आनंदाने आले होते. "नयना, चढलो गं!" ते ओरडले आणि पोरांसमोर बायकोचा हात धरून नाचले!

चढले दोघंही, पण जागा एकच. ती कुणाला, हे हार्दिकने घड्याळावरून ठरवलं. काकी बारा मिनिटं. काका सव्वा तास.

संध्याकाळपर्यंत जयवंतरावांनी अर्ध्या रावपुऱ्याला कातळाची हकिकत ऐकवली.

"वा! मग मेमध्ये हिमाचलला जाणार तर!" शेजारचे बळवंतराव म्हणाले.

"जाणार ना," जयवंतराव छाती फुगवून म्हणाले, "स्टेशनपर्यंत. नयनाची सॅक जड असणार."