मुखरूभाऊंनी वाचलेला मेसेज

"यंदा तालमीत वही नाई, कागद नाई!" वडशाच्या आमच्या नाटकमंडळीसमोर मी छाती फुगवून जाहीर केलं. "आख्खं नाटक मोठ्या टीव्हीवर अन् आपापली भूमिका आपापल्या मोबाइलवर. कोणी एक शब्द जरी बदलला, त सगळ्याइले लगेच दिसन!"

लेखक मी, दिग्दर्शक मी, नायकही मीच. अडवणार कोण?

टीव्ही माझ्या मोबाइलला जोडला. दहा मिनिटांत खलनायक प्रफुलनं स्वतःचं मरणच खोडून टाकलं! नायिका रंजीतानं आपल्या मोबाइलवरून त्याला पुन्हा मारलं. त्यानं पुन्हा खोडलं. टीव्हीवर गडी उतू जाणाऱ्या दुधासारखा वर-खाली!

"मले काऊन मारून राह्यली वं?"

"नाटक संपवाचं हाय म्हणून!"

भांडतानाही दोघांच्या माना मोबाइलमध्येच.

कोपऱ्यात मुखरूभाऊ मांडीवर जुनी वही घेऊन बसले होते. तीस वर्षांपासूनचे आमचे प्रॉम्प्टर. याच धानाच्या गोदामात त्या एका वहीवर आमची आठ डोकी वाकायची. एकाच्या चहाचा डाग दुसऱ्याच्या संवादावर पडायचा. माझ्या पहिल्या प्रयोगात मी अडलो, तेव्हा मुखरूभाऊंनी विंगेतून इतक्या हळू वाक्य पुरवलं, की मला वाटलं मलाच आठवलं!

आता त्यांना कसं सांगायचं? मी गुपचूप बायकोला मेसेज लिहिला आणि टीव्ही माझ्याच मोबाइलला जोडलाय हे साफ विसरलो!

मुखरूभाऊंची सवय अशी, की समोर अक्षर दिसलं की वाचायचं. घसा खाकरून त्यांनी खणखणीत वाचलं, "उर्वशी, मुखरूभाऊले आता घरी बसवा लागते!"

आणि मंडळींची सवय अशी, की प्रॉम्प्टर बोलला की म्हणायचं. मान वर न करता सगळे गरजले, "उर्वशी, मुखरूभाऊले आता घरी बसवा लागते!"

मग एकेक मान वर आली.

"सांगाची हिंमत..." मेसेजची पुढची ओळ वाचताना मुखरूभाऊ अडले. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"होत नाई," प्रफुलनं हळूच पुरवलं.

मुखरूभाऊंनी वही बंद केली आणि ते दाराकडे निघाले. तेवढ्यात टीव्हीवर उर्वशीचं उत्तर झळकलं. मुखरूभाऊ वळले आणि त्यांनी वाचलं, "त्याइले घरी बसवलं, त तुम्ही घरी येऊ नका!"

मंडळींनी हे वाक्य तीनदा म्हटलं. मीही म्हटलं.

"भाऊ, चुकलं माझं," मी त्यांचे पाय धरले.

"ऊठ बाबू," ते डोळे पुसत म्हणाले. "पयले या प्रफुलले मारून घेऊ."

यंदाही विंगेत तेच आहेत. फक्त वही पार फाटली, म्हणून माझ्या मोबाइलवर अक्षरं मोठी करून वाचतात. परवा भर प्रयोगात मी प्रेमाचा संवाद विसरलो. विंगेतून हळूच वाक्य आलं. मी रंजीताचा हात हातात घेतला आणि काळजातून म्हणालो, "येताना पावभर वांगे आणजा!"