डोक्यातला तारमास्तर

भवानी पेठेत तात्याबाएवढा विचारी माणूस दुसरा नव्हता, असं खुद्द तात्याबाच सांगायचा. गिरणीत मागावर बावीस वर्षं काढलेल्या या गड्यानं गेल्या महिन्यात शाळेच्या पटांगणात एका डॉक्टरचं व्याख्यान ऐकलं आणि तेव्हापासून त्याच्या तोंडाला खीळ नव्हती. डोळा बघतो, कान ऐकतो, दोघं डोक्याला तार धाडतात. डोक्यातला तारमास्तर ती वाचतो, विचार करतो, हुकूम सोडतो आणि मगच हातपाय हलतात! भाजीवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना हे पाठ झालं होतं.

त्या रविवारी गिरणीला सुट्टी होती आणि तात्याबाच्या लेकीची, गोजाची, सोयरीक पक्की व्हायची होती. मुलाचा बाप भिमा करकंबहून आला होता. घरची दीडशे मेंढरं, मुलगा निर्व्यसनी. आधीची तीन स्थळं तात्याबाच्या बडबडीनंच पळाली होती, म्हणून आज कमी बोला, असं मायाक्कानं नवऱ्याला पहाटेपासून बजावलं होतं.

भिमानं आपला तांबडा पटका खुंटीला अडकवला, सुनेसाठी आणलेलं लुगड्याचं गाठोडं कोनाड्यात ठेवलं आणि घोंगडीवर मांडी घातली.

"तुमचा शब्द पक्का हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"इचार केल्याबिगर मी पाऊल उचलत न्हाय," तात्याबा म्हणाला, आणि तारमास्तरापासून सगळं सुरू केलं. मायाक्का आतून तीनदा खोकली. शेवटी एकदाची त्यानं साखरेची चिमूट घेतली आणि व्याह्याच्या तोंडाकडे हात नेला.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला.

पुढचं तात्याबाला काही आठवत नाही. भानावर आला तेव्हा तो गिरणीच्या फाटकापाशी धापा टाकत उभा होता. मागे अर्धी गल्ली होती, कारण त्याला पळताना बघून तीही पळाली होती.

"नव्या बॉयलरची चाचणी हाय," पहारेकरी गुरुलिंग म्हणाला. "आज रविवार की. आन लुगडं कशाला आणलंय?"

तात्याबानं खाली पाहिलं. काखेत भाकरीचं गाठोडं असायचं, तिथून हिरवा काठ लोंबत होता. डोक्याला हात लावला तर भलामोठा तांबडा पटका! बावीस वर्षं भोंगा झाला की तो खुंटीवरचं डोक्याला घालायचा आणि मायाक्का कोनाड्यातलं गाठोडं त्याच्या हातात द्यायची. आजही दोघांनी तेच केलं होतं. पाहुण्याला बोडका बसवून, सुनेचं लुगडं घेऊन पोरीचा बाप पळाला होता!

घरी भिमा बोडक्या डोक्यानं तसाच बसला होता. मिशीत साखर होती. आत गोजा डोळ्याला पदर लावून बसली होती आणि मायाक्का स्वतःच्या हातांकडे दुसऱ्याचे असल्यासारखी बघत होती. तात्याबानं पटका आणि लुगडं पाहुण्यापुढे ठेवलं, पाय धरले, भोंग्याचं सगळं सांगितलं.

"मास्तरला कळलंच न्हाय ओ," तो रडवेला होऊन म्हणाला. "कानानं परस्पर पायाला सांगितलं."

भिमाचा यावर काडीचाही विश्वास बसला नाही. अशा घरात पोरगा द्यायचा म्हणजे उद्या अंगावरचं धोतरही जायचं, असं म्हणून त्यानं लुगडं उचललं. "डोक्याला न इचारता पाय कसं पळत्याल?"

एवढ्यात बाहेर कुत्रं भुंकलं आणि पाठोपाठ शेळीचं केविलवाणं ओरडणं ऐकू आलं.

भिमा जागेवर नव्हता! लुगडं जमिनीवर, काठी हातात, तोंडानं "हाऽड हाऽड" आणि गडी उंबऱ्यापार! तात्याबा आ वासून बघत राहिला. घटकाभरानं भिमा परत आला तो दारातच थबकला. काखेत शेळी होती. मागून तिची मालकीण चंद्रव्वा, करकंबचे लोक भरदिवसा शेळ्या पळवतात, असं साऱ्या पेठेला सांगत येत होती.

भिमानं शेळीकडे पाहिलं. मग तात्याबाकडे पाहिलं. लांडग्याच्या भीतीत जन्म गेलेला माणूस, पण ही शेळी आपण कधी उचलली, ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मायाक्कानं साखरेची वाटी पुन्हा पुढे आणली. भिमा बसला, त्यानं तोंड उघडलं आणि सोयरीक पक्की झाली.

तात्याबाला राहवेना. "आता बगा व्याही, कान जवा तार धाडतो—"

"व्याही," भिमा साखर गिळत म्हणाला, "तुमचा मास्तर ऱ्हाऊ द्या. आदी ही शेळी माज्या काखंतनं काडा."