दोन पावलं मागे

बोरस्ते सरांनी आमचा फोन तीनदा पाडला. फोन टीपॉयवर, आणि सर रिसीव्हर कानाला लावून उलटे चालणारे. वायर ताणली गेली की फोन खाली. तिसऱ्या वेळेनंतर मी तो टीपॉयला सुतळीनं बांधला. मग सरांबरोबर टीपॉयही सरकायला लागला.

"चित्र दोन पावलं मागे जाऊन बघायचं असतं, वहिनी," सरांनी खुलासा केला.

चित्र इंग्लंडात होतं.

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. सिडकोतल्या आमच्या इमारतीत फोन एकच, तो आमच्याकडे. कारण आमचे हे अंबडला मेंटेनन्सला होते आणि कारखान्यातून कधीही बोलावणं यायचं. सर वरच्या मजल्यावर राहायचे. दिंडोरीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, रोज एसटीनं जाऊन येऊन. वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर द्राक्षांचा घड ठेवत. तास संपेपर्यंत नुसता देठ उरे. सरांना त्याचा राग नव्हता. म्हणायचे, देठ चांगला काढतात आमची मुलं.

जगातली मोठमोठी चित्रं सरांनी आयुष्यभर पुस्तकात बघितली, काडेपेटीएवढी. त्यामुळे मुलगा अजित इंजिनिअरिंग शिकायला इंग्लंडला निघाला, तेव्हा सरांनी एकच अट घातली. महिन्यातून एकदा तिथल्या चित्रांच्या संग्रहालयात जायचं, एक चित्र नीट बघायचं आणि पहिल्या रविवारी फोन करून सांगायचं. अजितला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो बापडा जायचा.

रविवारी संध्याकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून येत. चपला दाराबाहेर, एक हात पाठीमागे. बसायला सांगितलं तर बसत नसत. अजित तिकडून सांगे आणि वर्गात मुलाचं उत्तर म्हणावं तसं सर ते मोठ्यानं परत म्हणत. "डावीकडे घोडा. बरं. घोड्यामागे डोंगर. डोंगराचा रंग?" भाजी चिरता चिरता मीही अशी बरीच चित्रं बघितली.

शेवटी ठरलेला प्रश्न असायचा. "उजेड कुठून येतो?"

इथे अजित हमखास अडकायचा. एकदा त्यानं सांगितलं, वरून. सर म्हणाले, "तो हॉलमधल्या दिव्याचा. चित्रातला सांग."

हा प्रश्न सर कुठेही विचारत. माझ्या दिरासाठी मुलगी बघायला आम्ही त्यांना वडीलधारे म्हणून नेलं. परतताना सगळे त्यांच्याकडे बघताहेत, तर सर म्हणाले, मुलगी चांगली असावी, पण उजेड तिच्या मागून येत होता, नाक काही कळलं नाही. दुसऱ्यांदा न्यायचं आम्ही टाळलं.

सरांची बायको, सुशीलावहिनी, अजित जायच्या आदल्या वर्षी गेल्या. पंधरा दिवसांचं दुखणं. तेव्हापासून बापलेक त्यांचा विषय काढत नसत. समोरासमोर असताना नाही आणि फोनवरही नाही. घोडे, जहाजं, राजेलोकांचे झगे, सगळं बोलून व्हायचं. मी एकदा सरांना म्हटलं, पोरगा जेवतो का, एकटा रडतो का, ते तरी विचारा. म्हणाले, शेवटी विचारणार होतो, फोन कटला.

त्यांच्या घरात वहिनींचं एक चित्र होतं. डबा द्यायला गेले तेव्हा मी आतल्या खोलीत बघितलं. वहिनी जमिनीवर बसून मेथी निवडताहेत. हात, बांगड्या, मेथीचं एकेक पान, सगळं रंगवलेलं. चेहऱ्याच्या जागी नुसता पेन्सिलचा गोल. त्या असताना सुरू केलेलं. चेहरा शेवटी काढू म्हणाले आणि तो राहिला.

अजितचा तिकडचा दुसरा हिवाळा होता. रविवारी फोन आला. सर नेहमीसारखे मागे सरकू लागले.

"बाई आहे. जमिनीवर बसलीय." एक पाऊल. "पुढ्यात पालेभाजी." दुसरं पाऊल. "उजेड कुठून येतो?"

या वेळी अजित अडकला नसावा.

"मोरीच्या खिडकीतून," सर मोठ्यानं म्हणाले आणि जागच्या जागी थांबले.

इंग्लंडातल्या चित्रात मोरी कुठली? मी सुरी खाली ठेवली. मुलगा त्या महिन्यात संग्रहालयात गेलाच नव्हता हे मला कळलं, तर सरांना न कळायला काय झालं. आता बोलणी बसणार असं वाटलं.

सरांनी हळू आवाजात विचारलं, "चेहरा काढलाय का?"

तिकडून अजित बोलायला लागला. बराच वेळ बोलत होता. सर त्यातलं काहीच परत म्हणाले नाहीत. ते पुढे आले. टीपॉय ओलांडून भिंतीपर्यंत आले आणि आमच्या कॅलेंडरला कपाळ टेकेल इतक्या जवळ उभे राहून ऐकत राहिले. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात होती. मी गॅस बंद केला.

"नाही, नाही, दुसरं नको," सर शेवटी म्हणाले. "पुढच्या महिन्यात परत हेच बघ."

रिसीव्हर ठेवून, चपला तशाच बाहेर विसरून ते अनवाणी वर गेले. रात्री भात कच्चा का म्हणून ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, गॅस संपत आलाय.

अजितचं शिक्षण संपेपर्यंत पहिल्या रविवारी तेच एक चित्र चालू राहिलं. मला ते पुन्हा बघायला मिळालं नाही, कारण सर मोठ्यानं काही म्हणतच नसत. भिंतीला तोंड करून उभे राहत.

टीपॉयची सुतळी मी सोडून टाकली. फोन परत कधी पडला नाही.