नाक नसलेला राजा

धातू ओळखायचा कसा, हे मला कुणी शिकवू नये! मी प्लेटिंगच्या कारखान्यात आहे. नळ, कड्या, दारांच्या मुठी यांवर आम्ही असं निकेल चढवतो की पितळेलाही आपण पितळ असल्याचा विसर पडावा. अशा माणसाला कुणी खोटा माल विकून दाखवावाच, असं मी परवापरवापर्यंत चारचौघांत छाती काढून सांगत होतो. आता विषय निघाला की पाणी प्यायला उठतो.

हे सगळं झालं सासऱ्यांपायी. सासरे बँकेतले निवृत्त कॅशियर आणि जुन्या नाण्यांचे भलतेच शौकीन. अल्बम कपाटात आणि कपाटाची किल्ली जानव्यासारखी कायम अंगावर! लग्न झाल्यापासून मला त्या अल्बमला एकदाही हात लावू दिलेला नाही. मी जरा पुढे सरकलो की लगेच, "जावईबापू, लांबून!" मी कुठे काम करतो हेही त्यांनी कधी धड विचारलं नाही. पाहुण्यांना सांगतात, "हे आमचे जावई. असतात कुठेतरी." ते 'कुठेतरी' माझ्या फार जिव्हारी लागलं होतं.

त्यांच्या अल्बममध्ये एक जागा कित्येक वर्षं रिकामी होती. मोठ्या नाकाच्या एका राजाचं चांदीचं नाणं त्यांना काही केल्या मिळत नव्हतं. म्हटलं, वाढदिवसाला तेच हातावर ठेवायचं! मग बघू, 'कुठेतरी' कसं म्हणतात ते!

फोनवर शोधलं तर तेच नाणं विकायला! विकणाऱ्यानं नाव घेतलं होतं 'अस्सलवाला'. मी विचारलं, "खरं आहे ना?" उत्तर आलं, "शंका असल्यास घेऊ नये." झालं! इतका ताठ माणूस फसवेल कशाला? मी बोनस त्याच्या स्वाधीन केला. बायकोला पत्ता लागू नये म्हणून पार्सल कारखान्यावर मागवलं, तेही आमच्या स्टोअरकीपरच्या नावानं.

त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. जेवताना फोन, दाढी करताना फोन! पार्सल निघालं, थांबलं, उलट्या दिशेला गेलं, परत वळलं. बायको म्हणाली, "अहो, कुणाची वाट बघताय एवढी?"

"राजाची!" मी बोलून गेलो. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पार्सल आलं. निळ्या मखमलीची छोटी डबी, आत कापूस आणि कापसात काळंकुट्ट नाणं. आता काळं पडलेलं काही हातात आलं की आमच्या लोकांचा हात आपोआप घासून चकाकी आणणाऱ्या बफिंगच्या चाकाकडे जातो. म्हटलं, सासऱ्यांना असं कळकट कसं द्यायचं? लावलं चाकाला! काळं गेलं, पांढरं आलं. मला चेव चढला. पांढरं गेलं आणि पिवळं आलं!

"अहो, हे पितळ आहे!" स्टोअरकीपर ओरडला. "आणि राजाचं नाक गेलं!"

खरंच गेलं होतं. राजाचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत झाला होता. मी मटकन खालीच बसलो. बोनस गेला, राजा गेला आणि उद्या सकाळी सासरे! 'अस्सलवाल्या'ला सतरा शिव्या घातल्या. मग जे येतं तेच केलं. नाणं निकेलच्या टाकीत सोडलं!

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांच्या हातात डबी ठेवली. डबी पाहताच त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, गहिवरले!

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. "अगं बाई, ही तर माझी कुड्यांची डबी! शोधून शोधून थकले मी!"

"अशा डब्या ढिगानं मिळतात," सासरे घाईघाईनं म्हणाले.

"तळाला नेलपॉलिश सांडलंय का बघा!"

सांडलं होतं.

म्हणजे चोरीचा माल! मी उसनं अवसान आणून म्हणालो, "बाबा, तुम्ही काळजी करू नका. त्या विकणाऱ्याला मी सोडत नाही! पोलिसांत देतो!"

"पोलीस कशाला?" सासऱ्यांना घाम फुटला. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी नाणं भिंगाखाली धरलं आणि दचकले. "याचं नाक कुठे गेलं?"

"जुनं आहे, बाबा. झिजलं असेल."

"झिजलं कसं? मी पाठवलं तेव्हा होतं की!"

बायकोनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुणाला आधी फाडून खावं, हे तिचं ठरत नसावं. सासूबाई डबी उचलून आत निघून गेल्या.

सासऱ्यांनी माझा दंड धरला, मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. तेही ऑनलाइनच फसले होते. वाण्याच्या काट्यावर वजन भरलं नाही तेव्हा कळलं. कॅशियर फसला हे घरात सांगणार कसं? म्हणून 'अस्सलवाला' हे नाव घेऊन गुपचूप विकून टाकलं.

"बाकीची तोलायचा धीर होईना हो," ते म्हणाले. कपाट उघडलं. अल्बम काढला. "जावईबापू, जवळ या."

पहिल्या पानावरचं पहिलं नाणं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. पहिल्या पगारातून घेतलेलं. "तुमचा धंदाच कोटिंगचा. खरं काय ते सांगा."

मी कडेवरून अंगठा फिरवला. कडेला पांढरं उडून पिवळं डोकावत होतं. सासरे भिंग बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते. मला त्यांची फार दया आली.

"अस्सल आहे, बाबा!" मी म्हणालो.

आता सासरे पाहुण्यांना सांगतात, "हे आमचे जावई. धातूतले मोठे तज्ज्ञ!" ऐकून अंगावर मूठभर मांस चढतं, नाही असं नाही. फक्त, माझ्या त्या एका शब्दाच्या भरवशावर त्यांनी आणखी तीन नाणी मागवली आहेत, आणि रविवारी ती तपासायला मला बोलावलंय. अगदी जवळून!