हिराजीकाकांचे दोन शब्द

हिराजीकाका एकाच इंग्रजी शब्दाचा अर्थ कधी विचारत नाहीत. जन्मात एकमेकांना न भेटलेले दोन शब्द आणतात आणि म्हणतात, "मास्तर, यांच्यात फरक काय?"

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, हा माझा गुन्हा. काका शेजारीच राहतात. राहनाळच्या एका गोदामावर ते वॉचमन आहेत. गोदाम उभं आहे त्यांच्याच विकलेल्या भातशेतावर. तिथल्या खोक्यांवरचे शब्द उतरवून घ्यायचे आणि ड्युटी सुटली की थेट माझं दार.

"आज ‘फ्रॅजाइल’ आन ‘एक्सपायरी’."

"एक म्हणजे नाजूक, फुटेल असं. दुसरं म्हणजे मुदत संपणं. काका, यांचा काही संबंध नाही!"

"संबंध न्हाय तं फरक सांगाला सोपा की! माजी म्हस एक्सपायरी झाली, चालंल?"

"नाही चालणार."

"फ्रॅजाइल झाली?"

"म्हैस फ्रॅजाइल नसते!"

"तुमी माजी म्हस बगली कवा?"

तोवर बायको चहा टाकते आणि माझे तपासायचे पेपर तसेच राहतात. ‘टॉर्च’ आणि ‘मॅनेजर’वर एकदा पाऊण तास गेला. काकांचा निकाल: टॉर्च रात्रपाळीला येतो, मॅनेजर येत नाही.

सहामाहीच्या पेपरांत मी पुरता वैतागलो. जाडजूड डिक्शनरी आणली आणि काकांच्या हातात कोंबली. "घ्या. सगळे शब्द यात आहेत. आता मला सोडा!"

"सगले?" म्हणत त्यांनी ती कपाळाला लावली आणि गेले.

आठवडाभर काका फिरकले नाहीत. पेपर संपले. सुटलो म्हणावं, तर संध्याकाळी डोळे आपले दाराकडे. शेवटी स्वतःवरच चिडत गोदामावर गेलो. डिक्शनरी खुर्चीवर, प्लास्टिकच्या पिशवीत तशीच बांधलेली.

"का हो, उघडलीसुद्धा नाही?"

काकांनी डिक्शनरी उचलून मला खुर्ची दिली. "तुमची काकी गेली तवापासून घरात कोनी बोलाला न्हाय. पोरं कल्याणला, मिस कॉल देतान. एक शब्द इचारला तं तुमी दारातनंच सांगून मोकले. दोन आनले का बसा म्हनता, चा होतो. आता तुमीच म्हनलात सोडा, म्हनून सोडला."

मला माझीच लाज वाटली. म्हटलं, "काका, उद्यापासून शब्द नसले तरी या."

"मंग बोलाचं काय?" काकांनी घाबरून विचारलं.