सलूनवर पडलेला उजेड

रविवारी सकाळी साडेआठ वाजता फोटोकाकांनी सलूनचा फोटो काढला, आणि आत एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर वस्तरा जागच्या जागी थांबला.

काका पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त आरेखक. नकाशे काढण्यात हयात गेलेली. त्यामुळे कोणता रस्ता रुंद होणार, कोणती भिंत पडणार, याची कुणकुण त्यांना इतरांच्या आधी लागे. लागली की ते कॅमेरा गळ्यात अडकवून निघत. बेकरीचा फोटो त्यांनी काढला. महिन्याभरात तिथे मोबाइलचं दुकान आलं. घड्याळदुरुस्तीवाल्याचा काढला, तो बाडबिस्तरा आवरून मुलाकडे गेला. कोपऱ्यावरची टपालपेटी तर फोटोनंतर चौथ्याच दिवशी उचलली गेली. जाणाऱ्याची निदान आठवण तरी राहावी, एवढंच काकांचं म्हणणं होतं. गल्लीनं मात्र गोष्ट उलट्या बाजूनं वाचली होती: काका फोटो काढतात, म्हणून ती वस्तू जाते. हे मत काका सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

सलूनवाला वस्तऱ्यासकट बाहेर आला.

"काका, खरं सांगा. काय ऐकलंत?"

"कुठे काय? आरशावर उजेड छान पडलाय, म्हणून काढला."

"एकवीस वर्षांत नाही पडला तो उजेड?"

"कसा पडणार? समोर ती जुनी इमारत होती ना. ती पाडली, म्हणून आता थेट येतो."

"तिचाही फोटो तुम्हीच काढला होता!"

आतून गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, दुकान बंद करायच्या आधी माझा हा गाल तरी पुरा करा!"

त्या गालासोबत बातमी गल्लीभर फिरली. दुपारपर्यंत सलूनबाहेर रांग लागली. ज्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेही शेवटचं म्हणून खुर्चीत टेकून गेले. शेजारच्या शिंप्यानं तर सलूनवाल्याला मिठी मारून डोळे पुसले. एवढी गर्दी कसली म्हणून जागेच्या मालकांनी चौकशी केली, आणि मंगळवारी ते मोजपट्टीवाल्या एका माणसाला घेऊनच हजर झाले.

"मालक, मी कुठे म्हटलं बंद करतोय?"

"सगळी गल्ली म्हणते आहे. नाहीतरी आपला करार या महिन्यात संपतोच. हे इथं आइस्क्रीमचं दुकान काढतायत."

आतापर्यंतची अफवा त्या मोजपट्टीनं खरी करून टाकली. त्या दिवशी सलूनवाला काकांना एवढंच म्हणाला, "काका, यापुढे दाढी घरीच करा."

एकवीस वर्षांची रविवारची खुर्ची गेली. बुधवारी काकांनी स्वतःच्या हातानं दाढी केली आणि तीन ठिकाणी कापून घेतलं.

"माझ्या फोटोनं दुकानं जातात होय?" हनुवटीवर कापूस दाबत ते बायकोला म्हणाले.

"मला माहीत आहे हो, नाही जात. पण गल्लीला कोण सांगणार? चाळीस वर्षांत माझा एक धड फोटो काढला नाहीत, आणि न्हाव्याच्या आरशाचा काढायला गेलात! जा आता मालकांकडे. तो फोटो दाखवा आणि नीट समजावून सांगा."

मालक आरामखुर्चीत पेपर वाचत होते. दाखवायचा फोटो मागच्या पडद्यावर शोधायला काकांनी कॅमेरा उचलला. त्याची काच नेमकी मालकांकडे वळली. मालक वयाला न शोभेल अशा चपळाईनं दाराआड गेले.

"काका, ते खाली करा!"

"अहो, सलूनचा फोटो दाखवतोय. त्यात घाबरण्यासारखं—"

"मला अजून नातवंडं बघायची आहेत! राहू दे ते सलून. दोन वर्षांचा करार करतो!"

"तसं नाही, तुम्ही समजून घ्या," म्हणत काका एक पाऊल पुढे सरकले.

"पाच वर्षांचा!"

काका प्रामाणिक माणूस. गैरसमज दूर केल्यावाचून त्यांना राहवेना. ते समजावत पुढे सरकत गेले आणि कराराची मुदत वाढत गेली. दहा वर्षांवर मालकांची पाठ भिंतीला लागली, तेव्हा कुठे काका थांबले.

पुढच्या रविवारी सलूनवाल्यानं खुर्ची स्वतः झटकली. नवं पातं लावलं. गालाला फेस लावता लावता कानाशी येऊन हळूच म्हणाला, "काका, वरच्या मजल्यावर ती जिम आली आहे ना, पहाटे पाचपासून दणदण चालू असते, सगळी गल्ली जागी होते. सहज जाता जाता एखादा फोटो..."

"तू पण?" काका फेसातून गरजले.

"मी एकटा नाही. बाहेर शिंपी थांबलाय, त्याला समोरचा भोंगा दाखवायचाय."

काका तणतणत घरी आले. बायको खिडकीशी बसून चष्मा पुसत होती. पाडलेल्या इमारतीच्या जागेवरून आलेलं ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं. असा उजेड या घरात पूर्वी कधी आला नव्हता. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं बोट बटणावर अडखळलं.

तिच्या ते लक्षात आलं. तिनं केस सारखे केले.

"चाळीस वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर आहे, तरी कुठे गेले नाही. एका फोटोनं काय होतंय? काढा."

काकांनी काढला. फोटो फारच सुरेख आला.

"छान आलाय," ती चष्मा लावून म्हणाली. "आता हात बसलाच आहे, तर तेवढा त्या जिमचाही काढून या."