पितळी कडीचं माप

ईशा, अन्वय, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या पोळपाटावरची लाल फुली बघून तुम्ही हसलात. ती मी का पुसत नाही, ते लिहूनच ठेवते. माझी आठवण मापात आहे तोवर.

फुली मुल्लाचाचांची. विश्रामबागेतले आपले शेजारी. जन्मभर कारखान्यात सुटे भाग तपासले. आता निवृत्त आहेत, तरी कानावर लाल पेन्सिल आणि खिशात केसाची जाडी सांगणारा मायक्रोमीटर.

"बाई, पोळपाट मधी खोल हाय. रिजेक्ट."

"पोळ्या गोल होतात, चाचा."

"पोळी काय बी बोलंल. माप काय बोलतंय?"

जुबेदाभाभी हसायच्या. "आवं बाई, बघायला आले तवा माझं नाकबी मोजत हुते!"

"मापात हुतं, म्हून तर लगीन केलं."

भाभी मागच्या दाराची पितळी कडी अंगठ्याने उचलायच्या. तिथे खळगा पडला होता. चाचा दर महिन्याला तिथली उरलेली जाडी मोजून कागदावर टिपत. भाभी गेल्या, तरी टिपत राहिले.

मग कोरेगावला राहणारा त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला. चाचा माझ्याकडे आले. "जाईन म्हनतो. पन बाई, कडी अजून झिजतीया. माझा हात चुकत असंल. दुसऱ्या तपासनिसानं मोजायला पायजे."

आम्ही त्या दाराच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली महिनाभर माझ्या डब्यात होती. त्यांची पद्धत अशी, की दोघांनी वेगवेगळं मोजायचं, चिठ्ठ्या उपड्या ठेवायच्या आणि एकदम उलटायच्या. कडी झिजली नसेल, तर ते जाणार.

आधीचा आकडा मला ठाऊक होता, पाच पॉइंट ब्याऐंशी मिलिमीटर. मी तीनदा मोजलं. पाच पॉइंट ऐंशी. कडी हाताला कोमट लागली, आणि त्या खोलीत ऊन येत नाही.

ब्याऐंशी लिहिलं असतं, तर त्यांना मुलाकडे गरम जेवण मिळालं असतं. पण तीस वर्षं शाळेत गुण देताना मी कधी खोटा आकडा लिहिला नाही. ऐंशी लिहिलं.

चिठ्ठ्या उलटल्या. त्यांचंही ऐंशी.

मुलगा म्हणाला, "अब्बा, काय लिवू? रिजेक्ट?"

चाचांनी पेन्सिल काढली, शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच लिहिलं, 'वापरात'. मग कडीकडे बघत हळूच म्हणाले, "मी न्हाई येत, बाळ. हितं तिला एकटं कसं सोडू?"

आता त्यांची नजर अधू झाली आहे. पोळपाटावर त्यांच्या हातची फुली पुन्हा पडणार नाही, म्हणून ती मी पुसत नाही. कडी दर महिन्याला मीच मोजते. खोलीला कुलूप आहे, किल्ली माझ्या डब्यात आहे. आज सकाळी कडी पाच पॉइंट एकाहत्तर भरली.